भोकरी आणि पच्चै : एका द्राक्षवाणाची दोन नावे

आंबा विकत घेताना मराठी माणूस त्याचे नाव विचारल्यावाचून राहत नाही. हापूस आहे की पायरी, केसर आहे की रायवळ, याचा खुलासा झाल्याखेरीज तो भावाची बोलणी सुरू करीत नाही. तोच मनुष्य द्राक्षांच्या पाटीपुढे उभा राहिला की मात्र दोनच प्रश्न विचारतो : गोड आहेत का, आणि बी आहे का? घड हिरवा असला म्हणजे हिरवी द्राक्षे आणि काळा असला म्हणजे काळी द्राक्षे, एवढ्यावर त्याची जिज्ञासा संपते. ज्या प्रांताची नाशिक, सांगली, सोलापूर ही नावे द्राक्षांमुळे देशोदेशी पोहोचली, त्या प्रांतातील सुशिक्षित माणसालाही द्राक्षांच्या चार जातींची नावे सलग सांगता येऊ नयेत, ही थोडी नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. परंतु ती केवळ नवलाची नाही. फळाचे नाव लोकांच्या ओठांवरून पुसले गेले की त्यामागोमाग ते फळही हळूहळू बागेतून नाहीसे होते, आणि मग त्याची आठवण काढणारा कोणी उरत नाही. आजच्या या भाषणाचा विषय असा एक वाण आहे. त्याचे मराठी नाव भोकरी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाशिक आणि आसपासच्या मळ्यांतून जी पांढरी द्राक्षे पिकत, त्यांत भोकरी हा एक प्रमुख वाण होता. द्राक्षाच्या बाबतीत ‘पांढरे’ या शब्दाचा अर्थ काळे नसलेले, म्हणजे हिरवट पिवळे, एवढाच घ्यावयाचा. भोकरीच्या जोडीला फकडी, पंढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी अशा इतर जाती होत्या. ही नावे उच्चारताना सुद्धा जुन्या दख्खनचा गंध येतो. साहेबी आणि हबशी यांत फारसी अमदानीची छाया आहे, तर भोकरी हे नाव अस्सल देशी आहे. ते कानी पडताच रानातल्या भोकराच्या झाडाची, त्याच्या फिकट, गोलसर, चिकट फळांच्या झुपक्यांची आठवण होते. भोकरीचे मणी मध्यम लांबीचे, पिवळसर हिरवे, पातळ सालीचे आणि रसाने भरलेले असतात. त्यांत बिया असतात, आणि आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने हाच त्यांचा पहिला अपराध ठरतो.

मद्रासच्या दक्षिणेला, ग्रँड सदर्न ट्रंक रस्त्यावर वसलेल्या तांबरमसारख्या उपनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला या वाणाची आठवण व्हावी, याला एक कारण आहे. उद्यानविद्येच्या ग्रंथांत भोकरी या नावापुढे दुसरे एक नाव दिलेले आढळते : पच्चा द्राक्षा. तमिळ बोलीत त्याचा उच्चार ‘पच्चै तिराट्चै’ असा होतो. ‘पच्चै’ म्हणजे हिरवा, आणि ‘तिराट्चै’ हे आपल्या संस्कृत द्राक्षाचेच तमिळ रूप. म्हणजे जो वाण नाशिककरांनी भोकरी म्हणून ओळखला, तोच तमिळ मुलुखात हिरवे द्राक्ष या साध्या नावाने नांदला. एकाच वेलीची एक मुलगी गोदावरीकाठी राहिली आणि दुसरी वैगईच्या खोऱ्यात नांदावयास गेली, असे म्हटले तरी चालेल. पुढे माहेरची शाखा जवळजवळ वठली. सासरची मात्र बराच काळ फुलत राहिली.

आता कोणी म्हणेल, एखादी जात मागे पडली तर एवढे काय बिघडले? बी जपून ठेवले असेल, तर हवे तेव्हा पेरता येईल. धान्याच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. द्राक्षाच्या बाबतीत मात्र ते मुळीच खरे नाही, आणि या विषयाचे सारे मर्म येथेच आहे. द्राक्षाचे बी पेरले तर उगवलेली वेल आईसारखी निघत नाही. प्रत्येक बीज निराळे, प्रत्येक रोप निराळे, आणि बहुतेक रोपे आईपेक्षा उणी. याचा एक सुखद अपवाद महाराष्ट्रातच घडला. पुण्याच्या गणेशखिंड बागेत मुंबई सरकारचे उद्यानतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या बियांपासून रोपे वाढविली आणि त्यांतून निवड करून जो वाण सिद्ध केला, तो पुढे चीमा साहेबी म्हणून प्रसिद्ध झाला. पण त्याचे नाव निराळे ठेवावे लागले, कारण तो पंढरी साहेबी नव्हता. आईच्या नावाने मुलगी ओळखली गेली, एवढेच.

म्हणून द्राक्षाचा वाण टिकवावयाचा तर काडीने टिकवावा लागतो. छाटणीच्या वेळी निघालेली पक्व काडी जमिनीत रोवावी, किंवा तिचा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधावा, म्हणजे तीच वेल पुन्हा उभी राहते. या अर्थी जगातली प्रत्येक भोकरी ही त्या पहिल्या भोकरीचाच एक विस्तारलेला अवयव होय. ती मेली नाही, कारण दर पिढीत कोणीतरी तिची काडी लावली. ज्या पिढीत ती कोणीच लावणार नाही, त्या पिढीत तिचा शेवट होईल, आणि मग कितीही द्रव्य वेचले तरी ती परत आणता येणार नाही. पोथी जळाली तर पाठांतरातून पुन्हा लिहून काढता येते. वाणाचे पाठांतर मात्र केवळ वेलीलाच येते.

दख्खनमधील द्राक्षाची परंपरा पुष्कळ जुनी आहे. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दौलताबादेस राजधानी नेली, त्या काळातच हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या मगरिबी प्रवाशाने दौलताबादेतील द्राक्षे आणि डाळिंबे यांची नोंद करून ठेवली आहे, आणि तेथे ही फळे वर्षातून दोनदा येतात असे तो सांगतो. थंड मुलुखातून आलेल्या कोणालाही ही गोष्ट आश्चर्याची वाटावी, कारण द्राक्षवेल ही मुळात हिवाळ्यात निद्रिस्त होणारी वनस्पती आहे. युरोपात ती पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. दख्खनमध्ये तिला झोपविण्याइतकी थंडीच नाही. येथे तिची झोप आणि जाग ही दोन्ही माणसाच्या कात्रीने ठरतात.

महाराष्ट्रातील बागायतदाराने या अडचणीतून जो मार्ग काढला, तो शेतीशास्त्रातील एक सुंदर युक्ती म्हणावी अशी आहे. एप्रिलच्या सुमारास तो खरड छाटणी करतो, म्हणजे वेल जवळजवळ बोडकी करतो. तिला जी नवी फूट येते, तिच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या उजेडात पुढच्या घडांचा गर्भ धरला जातो. मग ऑक्टोबरच्या आगेमागे तो फळछाटणी करतो, जिला आपल्याकडे गोडी छाटणी असे गोड नाव आहे. तीमुळे डोळ्यांत दडलेले घड बाहेर पडतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत पिकतात. दोन छाटण्या आणि एक पीक, असा हा हिशेब. दक्षिणेकडे तमिळनाडूत हवा अधिक सम आहे. तेथे दोन छाटण्यांतून दोन पिके काढण्याची रीत आहे, आणि कुशल मळेकरी दोन वर्षांत पाच पिकेही घेतात. इब्न बतूताने दौलताबादेत जे पाहिले, ते आज तेथल्यापेक्षा तमिळनाडूतच अधिक सहज पाहावयास मिळते.

भोकरी या दक्षिणी पद्धतीस उत्तम मानवली. ती भरभरून फळते. अनुकूल जमिनीत हेक्टरी ३५ टनांपर्यंत तिचे उत्पन्न नोंदलेले आहे. परंतु गोडीच्या बाबतीत ती मध्यमच राहिली. रसातील साखरेचे मान मोजण्याचे जे ब्रिक्स नावाचे माप आहे, त्यानुसार तिचा आकडा १६ ते १८ पर्यंत जातो. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाचा तोच आकडा २० ते २२ पर्यंत पोहोचतो. शिवाय भोकरीची साल पातळ असल्यामुळे ती प्रवासात टिकत नाही. केवडा आणि तांबेरा हे रोग तिला चटकन धरतात. तिच्यात बिया आहेत. थोडक्यात, जवळच्या बाजारात त्याच दिवशी विकण्याजोगे, मुबलक पिकणारे, बेताच्या गोडीचे, असे हे गरिबाघरचे द्राक्ष होते.

१९६० नंतरच्या दशकांत थॉमसन सीडलेस महाराष्ट्रात पसरू लागले आणि पाहता पाहता त्याने सारे चित्र पालटून टाकले. हे द्राक्ष बिनबियांचे, कडक मण्यांचे, मंडपावर वाढणारे आणि जिबरेलिक आम्लाच्या फवाऱ्याने मोठे करता येणारे होते. त्याचा बेदाणा होतो आणि ते जहाजातून युरोपास धाडता येते. पुढे महाराष्ट्रातील बागायतदारांनी स्वतःच्या नजरेने त्यातून नवे वाण निवडले. तासगाव तालुक्यातील वसंतराव आर्वे यांचा तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांचा सोनाका ही त्यांतील मान्यवर नावे. कोणत्याही प्रयोगशाळेतल्या पदवीधराने अभिमान बाळगावा, असे हे कर्तृत्व आहे. आपल्या हजारो वेलींतून एका वेलीची एकच फांदी निराळी वागते आहे, तिचे मणी लांबट येत आहेत, हे ओळखण्यास दृष्टी लागते, आणि ती जपण्यास धीर लागतो.

तेव्हा ज्या शेतकऱ्याने भोकरी उपटून त्या जागी थॉमसन लावली, त्याने चूक केली असे म्हणण्याचा अधिकार शहरात राहून द्राक्षे विकत घेणाऱ्या कोणासही नाही. एक एकर द्राक्षबाग उभी करावयाची म्हणजे मंडप, तारा, ठिबक, औषधे आणि मजुरी यांचा खर्च डोक्यावर घ्यावा लागतो, आणि त्या खर्चाची फेड बाजारभावानेच होते. वाणाविषयीच्या ममत्वाने कर्जाचा हप्ता भागत नाही. भोकरी गेली ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. सामान्य माणसाच्या शहाणपणानेच ती गेली, आणि म्हणूनच तिचा प्रश्न अवघड आहे.

आता तमिळ बाजूकडे वळू. मद्रासपासून सुमारे पाचशे किलोमीटरांवर, पश्चिम घाटाच्या कुशीत, तेनी जिल्ह्यात कंबमचे खोरे आहे. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लैपेरियार धरणाचे पाणी घाट फोडून या बाजूस येते, आणि त्या पाण्यावर येथील द्राक्षमळे फुलले आहेत. येथली राणी म्हणजे पन्नीर तिराट्चै हे काळे द्राक्ष. पन्नीर म्हणजे तमिळमध्ये गुलाबपाणी. तेच द्राक्ष अन्यत्र गुलाबी म्हणून ओळखले जाते, आणि युरोपातील ग्रंथांत त्याला मस्कत हँबर्ग असे नाव आहे. एका फळाला तीन प्रांतांत तीन नावे, आणि त्यांतील दोन त्याच्या सुगंधावरून पडलेली. २०२३ मध्ये या कंबम पन्नीर द्राक्षास भौगोलिक मानांकन मिळाले. खोऱ्यातील निरनिराळे मळेकरी निरनिराळ्या वेळी छाटणी करतात, त्यामुळे वर्षाच्या बहुतेक महिन्यांत तांबरमच्या बाजारातही ही काळी द्राक्षे हातगाडीवर दिसतात.

या पन्नीरच्या सावलीत भोकरी, म्हणजेच पच्चै, तमिळ मुलुखात राहिली. तेथील हवा तिला मानवली, जवळच्या गावांत ती विकली जाई आणि तिच्या भरघोस पिकामुळे लहान शेतकऱ्याचे भागे. परंतु येथेही एक निराळेच संकट तिच्यापुढे उभे राहिले, आणि ते तिच्या नावातूनच उद्भवले. ‘पच्चै’ म्हणजे नुसता हिरवा रंग. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत महाराष्ट्रातील बिनबियांची द्राक्षे मद्रासच्या कोयंबेडू बाजारातून तांबरमला येतात. तीही हिरवीच असतात. विक्रेता त्यांनाही पच्चैच म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थच तो आहे. अशा रीतीने महाराष्ट्रात ज्या वाणाने भोकरीला मळ्यातून घालविले, त्यानेच तमिळनाडूत तिचे नावही घेतले. रंगाचे नाव हे खरे नावच नव्हे. गोऱ्या माणसांना सगळ्यांनाच गोरोबा म्हणून हाक मारावी, तशातला हा प्रकार झाला. हाक मारली, तरी ओ कोणी द्यावी?

नावाचे महत्त्व किती असते, हे पाहण्यासाठी थोडे दूर, स्पेन देशात जाऊ. त्याच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशिया नावाचा प्रांत आहे. स्पेन म्हटले की ऊन, धूळ आणि ऑलिव्हची झाडे डोळ्यांपुढे येतात. हा प्रांत मात्र आपल्या कोकणाची आठवण करून देणारा, हिरवागार, समुद्राच्या खाड्यांनी चिरलेला आणि पावसाने भिजलेला आहे. तेथे आल्बारिन्यो नावाचे एक पांढरे द्राक्ष पिकते. त्याचे मणी लहान, साल जाड आणि रस आंबटगोड असतो. दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून वेली ग्रॅनाइटच्या खांबांवरील उंच मांडवावर चढवितात, म्हणजे खालून वारा खेळता राहतो. आपल्याकडे नाशिकच्या जुन्या बागांत पांगाऱ्याच्या खुंटावर वेल चढवीत असत, त्याचीच ही दगडी बहीण म्हणावयाची. हे द्राक्ष मुख्यतः पांढरी वाइन करण्यासाठी वापरतात. त्याची लागवड हजारो लहान बागायतदारांच्या हाती आहे, आणि त्यांतील कित्येकांच्या जमिनी आपल्या कोकणातल्या तुकड्यांएवढ्याच आहेत.

या द्राक्षाविषयी एक दंतकथा पुष्कळ काळ प्रचलित होती. मध्ययुगात यात्रेसाठी आलेल्या मठवाशांनी ऱ्हाइन नदीकाठून ते आणले आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले, असे लोक सांगत. आनुवंशिक तपासणीने ही कथा खोटी ठरविली. आल्बारिन्यो त्याच मातीतले निघाले. मिन्यो नदी ही स्पेन आणि पोर्तुगाल यांची सीमा. तिच्या उत्तरेला या वाणाचे नाव आल्बारिन्यो, तर दक्षिणेला पोर्तुगालमध्ये आल्व्हारिन्यो. नदी ओलांडली की उच्चार बदलतो, वेल तीच राहते. आपली भोकरी आणि पच्चै यांचे नाते याहून निराळे नाही. भेद एवढाच की मिन्योच्या दोन्ही तीरांवरील लोकांना आपले द्राक्ष नावाने ओळखता येते.

हे ओळखणे आपोआप घडले नाही. कांबादोस या गावात १९५३ पासून आल्बारिन्योचा उत्सव भरू लागला. ऑगस्टच्या आरंभी लोक जमतात, वाइनची परीक्षा होते, बक्षिसे दिली जातात. १९८० मध्ये या वाणाच्या नावानेच शासकीय प्रमाणनाची व्यवस्था झाली. पुढे स्पेन युरोपीय समुदायात सामील झाल्यावर अडचण आली. तेथील नियमानुसार असे प्रमाणन एका वाणाच्या नावाने देता येत नाही, ते प्रदेशाच्या नावानेच द्यावे लागते. तेव्हा १९८८ मध्ये रियास बायशास, म्हणजे खालच्या खाड्या, या प्रदेशनामाने ते पुन्हा देण्यात आले. नियम पाळला गेला आणि वाणही राहिला, कारण त्या प्रदेशाची ओळखच त्या वाणावर उभी होती. गॅलिशियातच गोदेय्यो नावाचे दुसरे एक पांढरे द्राक्ष १९७० च्या सुमारास अस्तंगत होण्याच्या मार्गावर होते. काही अभ्यासकांनी आणि बागायतदारांनी जुन्या वेली शोधून, त्यांच्या काड्या वाढवून त्याचा जीर्णोद्धार केला. आज त्याची गणना स्पेनच्या उत्तम पांढऱ्या द्राक्षांत होते.

नावाच्या बाबतीत गाफील राहिल्यास काय होते, याचेही उदाहरण याच आल्बारिन्योच्या इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियातील बागायतदारांनी स्पेनमधील संग्रहातून आलेल्या काड्यांवरून या वाणाच्या बागा उभ्या केल्या आणि त्याच्या नावाने वाइन विकली. एका फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने वेलींची पाने पाहून शंका उपस्थित केली, आणि २००९ मध्ये आनुवंशिक चाचणीने सिद्ध झाले की तो आल्बारिन्यो नव्हेच, सावान्यँ नावाचा निराळाच वाण आहे. संग्रहातल्या एका चिठ्ठीची अदलाबदल झाली आणि तिच्या भरवशावर एका खंडातील माणसांनी बागा लावल्या. सर्वांना बाटल्यांवरील नावे बदलावी लागली. सरकारी दप्तरात काम करणाऱ्या माणसाला या गोष्टीतले गांभीर्य विशेष जाणवते. नोंद चुकली की वस्तूच दुसरी होऊन बसते.

येथवर जे सांगितले ते परंपरेविषयी आणि ममत्वाविषयी झाले. परंतु जुने वाण जपण्यास याहून व्यावहारिक असे एक कारण आहे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावे चार असली तरी ती एकाच वेलीची लेकरे आहेत. काडीने वाढविलेल्या वेलीत कधी एखाद्या फांदीपुरता बदल होतो आणि त्यातून नवा वाण निघतो, पण त्याचे रक्त तेच राहते. म्हणजे महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचा फार मोठा भाग एकाच रक्ताच्या वेलीवर उभा आहे. अशा शेतीला जे एका झाडाला बाधते, ते सर्वांना बाधते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याचे एक कारण असे की तेथील गरीब जनता मुख्यत्वे एकाच वाणाच्या बटाट्यावर जगत होती. १८६० नंतर फिलॉक्सेरा या अमेरिकेहून आलेल्या किडीने युरोपातील द्राक्षमळे मुळांपासून पोखरले, तेव्हा तारणहार ठरली ती अमेरिकेतील रानटी वेल. तिच्या खुंटावर युरोपातील वाण बांधण्यात आले, आणि म्हणून आल्बारिन्यो आजही जिवंत आहे. ज्या वेलीचे फळ कोणी तोंडी धरीत नव्हते, तिचे मूळ साऱ्या खंडाच्या उपयोगी पडले.

आपल्याकडेही इशारे मिळालेले आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला आणि नाशिक, सांगलीच्या बागांत ऐन फुलोऱ्यावर केवडा पसरला. त्या हंगामात कित्येक बागायतदारांचे पीक हातचे गेले. भोकरी असती तर हे टळले असते, असे कोणी म्हणणार नाही, कारण केवड्यास तीही बळी पडते. परंतु उद्या ज्या गुणाची गरज पडणार आहे, तो कोणत्या जुन्या वेलीत दडलेला आहे, हे आज कोणालाच ठाऊक नसते. सम हवेत दोनदा फळणारी, हेक्टरी ३५ टन देणारी वेल ही संशोधकाच्या दृष्टीने एक ठेव आहे. तिची गोडी आज कमी म्हणून ती ठेव मोडून टाकणे म्हणजे व्याज कमी मिळते म्हणून मुद्दल नदीत सोडण्यासारखे आहे.

मग ही ठेव जपावी कोणी? शेतकऱ्याने जपावी असे म्हणणे अन्यायाचे होईल, हे वर आलेच आहे. जिचा लाभ साऱ्या समाजाला व्हावयाचा, तिचा भारही समाजानेच उचलला पाहिजे. त्या दिशेने काही पावले पडलेली आहेत. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करीत आहे आणि तेथे शेकडो द्राक्षजातींचा जिवंत संग्रह आहे. तेनी जिल्ह्यात आनैमलैयनपट्टी येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे द्राक्ष संशोधन स्थानक आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांच्या नोंदणीची सोय केली, आणि जुने वाण सांभाळणाऱ्यांना गौरविण्याची प्रथाही पाडली. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तथापि मानांकन हे गावाचे नाव जपते, वेलीचे नव्हे. नाशिकच्या नावाखाली उद्या कोणता वाण विकला जाईल, हे बाजारच ठरविणार.

संग्रहातील एक वेल म्हणजे ग्रंथालयातील एकच प्रत. ती असावीच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहणे बरे नव्हे. ऑस्ट्रेलियातील त्या चिठ्ठीची कथा आपण ऐकलीच. एका वाणाच्या चार प्रती चार ठिकाणी असाव्यात, त्यांची आनुवंशिक ओळख तपासून नोंदलेली असावी आणि त्या नोंदीत वाणाची सगळी नावे, ज्या ज्या भाषेत असतील त्या त्या भाषेत, शेजारी शेजारी लिहिलेली असावीत. भोकरीपुढे पच्चै आणि पच्चैपुढे भोकरी. गावोगावच्या कृषी विद्यालयांनी आपल्या आवारात जुन्या जातींच्या चार वेली लावल्या, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. नाशिक, पुणे, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत एखाद्या वाड्याच्या परसात, विहिरीच्या काठी, आजोबांनी लावलेली बियांची द्राक्षवेल अजून असेल, तर तिच्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी तिच्या दोन काड्या जवळच्या विद्यापीठाकडे पोहोचवाव्यात. तेवढे काम करण्यास बागायतदार असण्याची आवश्यकता नाही.

भोकरी पुन्हा बाजारात राज्य करील, असे मुळीच नाही, आणि तसे व्हावे असा आग्रहही नाही. बी थुंकीत द्राक्ष खाण्याचा काळ मागे पडला आहे. परंतु राज्य गेलेल्या घराण्याची वंशावळ कोणी जाळून टाकत नाही. एक वेल मराठी मुलुखातही आहे आणि तमिळ मुलुखातही, दोन्हीकडे लोकांनी तिला आपल्या भाषेत हाक मारली आणि दोन्हीकडे तिने लहान शेतकऱ्याचे घर चालविले. तिचे एक नाव विस्मृतीत चालले आहे, आणि दुसरे सगळ्या हिरव्या द्राक्षांच्या गर्दीत हरवू पाहत आहे. दोन्ही नावे एका ओळीत लिहून ठेवणे आणि त्या ओळीशेजारी एक जिवंत काडी रोवणे, एवढे आपल्या पिढीच्या हाती निश्चित आहे. पुढच्या वेळी द्राक्षांच्या पाटीपुढे उभे राहाल, तेव्हा गोडीबरोबर नावाचीही चौकशी अवश्य करावी. विक्रेत्याला ते ठाऊक नसेल, तर तो पुढच्या खेपेस मळेकऱ्याला विचारून येईल.